अद्भुतकथा आणि कथकाचा आवाज

आपल्या साहित्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्राव्य असे दोन भाग केले. तिसरा भाग करण्याची त्याला गरज भासली नाही. कारण एकट्याने, ओठ न हलविता, केवळ डोळ्यांनी वाचावयाचे काव्य ही कल्पना त्या काळी फारशी कोणाच्या मनात आली नसावी. मुद्रणकलेने हा तिसरा प्रकार जन्माला घातला आणि गेल्या दोन शतकांत तो इतका सर्वव्यापी झाला की, 'श्राव्य' हा शब्द आज आपण उच्चारतो तो बहुधा परीक्षेतील उत्तरापुरताच. कथा कानांनी ऐकावयाची असते ही गोष्ट आपण विसरलो नाही. परंतु ऐकलेल्या कथेचे परीक्षण करावयाचे ते कोणत्या कसोट्यांनी, हे मात्र आपण पार विसरलो आहोत. एका परभाषेतील ध्वनिमुद्रणाच्या निमित्ताने या कसोट्यांचा थोडासा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे ध्वनिमुद्रण जे. आर. आर. टोल्किन यांच्या आवाजातील आहे. टोल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांची 'हॉबिट' ही अद्भुतकथा २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्या प्रकाशनामागे एका दहा वर्षांच्या मुलाचा अभिप्राय होता, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना विशेष गोड वाटते. प्रकाशक स्टॅन्ले अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या मुलाला, रेनरला, वाचावयास दिले. त्याने एका शिलिंगाच्या मोबदल्यात परीक्षण लिहून दिले आणि पुस्तक छापले गेले. पुढे त्याच सृष्टीतील 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही प्रचंड कादंबरी टोल्किन यांनी लिहिली. परंतु युद्धोत्तर काळातील कागदटंचाई, ग्रंथाचा अवाढव्य आकार आणि प्रकाशकांशी झालेले मतभेद यांमुळे ती वर्षानुवर्षे पडून राहिली.

१९५२ च्या ऑगस्ट महिन्यात टोल्किन हे माल्व्हर्न येथे जॉर्ज सेयर यांच्या घरी काही दिवस राहावयास गेले. सेयर हे तेथील शाळेत इंग्रजीचे शिक्षक होते. अप्रकाशित कादंबरीचे टंकलिखित त्यांनी वाचले होते. संध्याकाळच्या वेळी पाहुण्याची करमणूक व्हावी म्हणून त्यांनी घरातील ध्वनिमुद्रणयंत्र पुढे ठेवले. त्या यंत्रात काही पिशाच्च असेल तर ते निघून जावे म्हणून टोल्किन यांनी थट्टेने प्रथम गॉथिक या मृत भाषेतून ख्रिस्ती प्रार्थना म्हटली आणि मगच ते वाचावयास बसले, असे सेयर यांनी नमूद करून ठेवले आहे. आधी काही कविता झाल्या; मग 'हॉबिट'मधील कोड्यांचे प्रकरण झाले; मग मोठ्या कादंबरीतील काही उतारे झाले. स्वतःचा आवाज परत ऐकल्यावर त्यांना आपल्या ग्रंथाविषयी नवा विश्वास वाटू लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी आता तरुण झालेल्या रेनर अन्विनला पत्र लिहिले. त्यात आपल्या वाचनाचा परिणाम पाहून आपल्यालाच आश्चर्य वाटल्याचे कळविले. १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत कादंबरीचे तीन खंड बाहेर पडले. फिती मात्र तशाच राहिल्या. टोल्किन १९७३ साली वारले आणि त्यानंतर, १९७५ मध्ये, कॅडमन या अमेरिकन संस्थेने त्या दोन तबकड्यांच्या रूपाने प्रसिद्ध केल्या.

या फितींपैकी आम्ही येथे विचार करणार आहोत तो फक्त कोड्यांच्या प्रकरणाचा. कारण उघड आहे. संपूर्ण 'हॉबिट'मध्ये कंठावर इतके अवलंबून असलेले दुसरे प्रकरण नाही. बिल्बो बॅगिन्स हा लहानखुरा, घरकोंबडा जीव डोंगराच्या पोटातील काळोखात वाट चुकतो. तेथे त्याला एक अंगठी सापडते आणि थंडगार तळ्याच्या काठी गोलम नावाचा विचित्र प्राणी भेटतो. दोघांत पैज लागते. बिल्बो जिंकला तर गोलमने त्याला बाहेरची वाट दाखवावयाची; हरला तर गोलमने त्याला खावयाचे. मग काळोखात कोड्यांची देवघेव सुरू होते. पर्वत, दात, वारा, अंधार, अंडे, मासा अशी त्यांची उत्तरे.

मराठी वाचकाला या प्रसंगाची ओळख करून द्यावी लागत नाही. तळ्याच्या काठी प्रश्न आणि उत्तर चुकल्यास प्राण, हा प्रसंग आपण वनपर्वातील यक्षप्रश्नांत लहानपणीच ऐकलेला असतो. वेताळपंचविशीत तर पेच आणखी अवघड आहे. तेथे राजाने बोलावे तर वेताळ निसटतो आणि उत्तर ठाऊक असून न बोलावे तर डोके फुटते. परंतु यक्षाच्या प्रश्नांत धर्माचा कस लागतो आणि वेताळाच्या प्रश्नांत न्यायबुद्धीचा. बिल्बो व गोलम यांच्या कोड्यांत असे काही उदात्त नाही. ती आजोळच्या अंगणातील कोडी आहेत. दोघांनीही ती कधी काळी आपापल्या घरी, माणसांत बसून ऐकली आहेत. आणि गोलमला तर ती आठवताना, आपणही एकेकाळी उन्हात व नातलगांत राहत होतो हे आठवते. पुस्तक वाचताना ही जाणीव ओझरती होते. टोल्किन यांच्या आवाजात मात्र ती ठसठशीतपणे होते; कारण गोलमच्या तोंडी कोडे आले की त्याचा फुत्कार किंचित ओसरतो आणि पाठ केलेल्या पद्याची एक जुनी लय तेथे डोकावते. राक्षस बोलता बोलता क्षणभर कोणाचा तरी नातू होतो.

आता या प्रकरणातील मर्माकडे वळू. कोड्यांच्या या खेळात बिल्बो दोन वेळा जिंकतो आणि दोन्ही वेळा तो बुद्धीने जिंकत नाही. एका कोड्याचे उत्तर 'वेळ' असे आहे. बिल्बोला ते सुचत नाही. गोलम जवळ येऊ लागतो. घाबरून तो आणखी थोडा वेळ मागू पाहतो. परंतु तोंडातून 'वेळ, वेळ' एवढेच बाहेर पडते, आणि तेच बरोबर उत्तर ठरते. दुसऱ्या प्रसंगी त्याला विचारावयास कोडेच सुचत नाही. हात खिशात जातो, अंगठी लागते आणि 'माझ्या खिशात आहे तरी काय?' असे तो स्वतःशीच मोठ्याने बोलतो. गोलमला वाटते की हेच कोडे. तो चिडतो, हा प्रश्न न्याय्य नाही म्हणतो आणि तरीही उत्तर द्यावयाच्या भरीस पडतो. पहिला प्रसंग म्हणजे विनवणी जी उत्तर म्हणून ऐकली गेली. दुसरा प्रसंग म्हणजे स्वगत जे प्रश्न म्हणून ऐकले गेले. कथेचा सारा डोलारा या दोन चुकीच्या ऐकण्यांवर उभा आहे.

भरतमुनींनी वाचिक अभिनयाच्या विवेचनात 'काकु' नावाचे तत्त्व सांगितले आहे. वाक्य तेच, परंतु स्वराच्या चढउताराने अर्थ पालटतो. काकु साकांक्ष असेल तर वाक्य पुढच्या कशाची तरी अपेक्षा ठेवते. निराकांक्ष असेल तर ते आपल्या ठिकाणीच पुरे होते. बिल्बोचे वाक्य निराकांक्ष स्वरात उच्चारले गेले आणि साकांक्ष म्हणून ऐकले गेले, हेच या प्रकरणाचे रहस्य होय. छापील पानावर लेखकाला मध्ये पडून सांगावे लागते की, हा स्वतःशी बोलत होता आणि त्याला ते कोडे वाटले. हे स्पष्टीकरण ध्वनिमुद्रणातही आहेच. परंतु ते येण्यापूर्वी आवाजाने आपले काम करून टाकलेले असते.

याची एक लहानशी प्रचीती आम्हांस आमच्याच वर्गात आली. राजेगाव हे बाघ नदीच्या अलीकडच्या तीरावरील गाव. पलीकडे महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा. आमच्या शाळेचे माध्यम हिंदी, बहुतेक मुलांच्या घरची भाषा पोवारी, काहींच्या घरी मराठी, काहींच्या घरी गोंडी. इंग्रजी ही पाठ्यपुस्तकापुरती. आठवीच्या वर्गाला आम्ही कथा हिंदीतून सांगितली, ती अंगठी सापडते आणि पैज लागते तेथपर्यंत. पुढचा भाग काही न सांगता ऐकविला. खिशाच्या वाक्यापाशी फीत थांबवून विचारले, 'आता याने कोणते कोडे घातले?' मुले गप्प. मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली की, त्याने कोडे घातलेच नाही. तो आपल्याशीच बोलत होता. वाक्यातील एखाददुसरा शब्दच तिला कळला असेल. एका मुलीच्या उत्तरावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु परक्या भाषेतील काकु बालाघाट जिल्ह्यातील एका मुलीच्या कानाला कळला, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी खासच नाही.

या वाचनाचे गुण सांगताना दोषांकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. टोल्किन यांच्या व्याख्यानांविषयी त्यांचे विद्यार्थीच तक्रार करीत की, ते भरभर बोलतात आणि शब्द गिळतात. ती सवय येथेही पूर्णपणे सुटलेली नाही. निवेदनाचा भाग ते काही ठिकाणी असा उरकतात की, जणू पुढच्या संवादाकडे धाव घेण्याची त्यांना घाई झाली आहे. काळोखाचे आणि तळ्याचे वर्णन जेथे सावकाश उलगडावयास हवे, तेथे ते निसटून जाते. बिल्बोचा आवाज गोलमच्या मानाने फिका आहे. यंत्र घरगुती होते, त्यामुळे ध्वनीही निर्मळ नाही. केवळ उच्चारशुद्धी आणि ध्वनीची स्वच्छता पाहावयाची, तर नंतरच्या काळातील व्यावसायिक वाचने निःसंशय सरस ठरतील.

अशी वाचने पुष्कळ झाली आहेत. निकोल विल्यमसन या नटाने १९७४ मध्ये 'हॉबिट'चे संक्षिप्त रूप तबकड्यांसाठी वाचले. पुढे रॉब इंग्लिस यांनी संपूर्ण ग्रंथ वाचला. चित्रपटात गोलमची भूमिका करणारे अँडी सर्किस यांनी तर ८ मे २०२० रोजी, महामारीच्या टाळेबंदीत, धर्मादाय कार्यासाठी सारे पुस्तक एका दमात सुमारे अकरा तास वाचले आणि त्याच वर्षी त्याचे रीतसर ध्वनिमुद्रणही केले. सर्किस यांचे कौशल्य असामान्य आहे. प्रत्येक पात्राला निराळा आवाज, निराळा श्वास, निराळी बोली. परंतु त्यांचा गोलम ऐकताना आपल्यासमोर गोलम असतो आणि कथक नाहीसा होतो. टोल्किन यांचा गोलम ऐकताना, गोलमची गोष्ट सांगणारा एक वृद्ध माणूस आपल्यासमोर असतो. पहिले सोंग आहे. दुसरे कथन आहे. सोंग हीन आणि कथन श्रेष्ठ असे आम्हांस म्हणावयाचे नाही. रंगभूमीवर सोंगच हवे. परंतु कीर्तनकार आख्यानात रावणाचा आवाज काढतो तेव्हा तो रावण होत नाही. उपरण्याचे टोक सावरून तो पुन्हा बुवा होतो आणि श्रोत्यांकडे पाहतो. त्या परत येण्यात अद्भुतरसाचा मोठा आधार असतो. असंभाव्य गोष्टीवर आपण विश्वास ठेवतो तो गोष्टीकडे पाहून नव्हे, तर सांगणाऱ्याकडे पाहून. सांगणारा दिसेनासा झाला की अद्भुत हे केवळ चमत्कृती होऊन बसते.

येथे एक आक्षेप संभवतो. लेखकाने स्वतःच वाचन केले म्हणजे कृतीचा अर्थ कायमचा बांधला जात नाही काय? पुढच्या वाचकाने गोलमचा आवाज आपल्या मनाने ऐकावयाचा, ते स्वातंत्र्य हिरावले जाते, असे कोणी म्हणेल. आक्षेप वरवर बिनतोड आहे. परंतु याच प्रकरणाचा इतिहास त्याला उत्तर देतो. १९३७ च्या आवृत्तीत गोलमने अंगठीच बक्षीस म्हणून देऊ केली होती आणि पैज हरल्यावर तो बराच सौजन्याने वागला होता. पुढच्या मोठ्या कादंबरीशी ते जुळेना, म्हणून १९५१ च्या आवृत्तीत टोल्किन यांनी प्रसंग बदलला. म्हणजे ज्या प्रकरणाचे ते माल्व्हर्नला वाचन करीत होते, त्याचे दोन पाठ तेव्हाच झाले होते. लोककथेची प्रकृतीच अशी असते; ती सांगणाऱ्यागणिक आणि वेळेगणिक पालटते. त्या रात्रीचे वाचन हे त्या रात्रीचे कथन होय. ते प्रमाण नव्हे, एक प्रयोग आहे. आणि म्हणूनच ते मोलाचे आहे.

या वाचनाला जी ऊब आहे तिचे कारण शोधता शोधता आम्ही एका अप्रिय आठवणीपाशी येऊन ठेपलो. ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आमच्या मोठ्या आई कथा सांगत. त्यांच्या पोतडीत पोपटात प्राण ठेवणारा राक्षस होता, सात समुद्रांपलीकडची राजकन्या होती, बोलणारे झाड होते. आमच्या भागात कथा ऐकताना कोणीतरी हुंकारा द्यावा लागतो. प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणावयाचे. आम्ही लहानपणी पेंगू लागलो की त्या थांबत आणि म्हणत, 'हुंकारा नाई देला त कहानी पुढं जात नाई, बापू.' पुढे आम्ही पदवीधर झालो, शिक्षक झालो आणि १९९४ च्या सुमारास एक टेपरेकॉर्डर विकत घेऊन त्यांच्या कथा उतरवून घ्यावयास बसलो. फितीवर गलबला येऊ नये म्हणून मुलांना बाहेर घालविले. दार लावले. आम्ही स्वतः तोंडावर बोट ठेवून बसलो. आणि सुरू करण्यापूर्वी त्यांना सांगितले, 'मोठी आई, जरा नीट, शुद्ध बोला.'

राक्षसाची ती कथा सांगावयास त्यांना एरवी अर्धी रात्र लागे. त्या दिवशी ती चार-पाच मिनिटांत संपली. राजा होता, राक्षस होता, पोपट मारला, राक्षस मेला. मध्ये दोनदा त्या थांबल्या आणि आमच्याकडे पाहू लागल्या. आम्ही हातानेच 'पुढे चला' अशी खूण केली. त्या हुंकाऱ्याची वाट पाहत होत्या, हे आमच्या ध्यानात आले नाही. पुढच्या वर्षी त्या वारल्या. ती फीत आमच्यापाशी आहे. तीत प्रत्येक शब्द स्पष्ट आहे, गलबला मुळीच नाही आणि कथाही नाही.

माल्व्हर्नच्या घरी टोल्किन यांच्यासमोर सेयर होते. ज्याने सारे हस्तलिखित वाचले आहे आणि ज्याला ते आवडले आहे, असा एक माणूस त्या खोलीत बसला होता. फितीवर त्याचा आवाज ऐकू येत नसेल. पण वाचणाऱ्याच्या आवाजात तो आहे. ऑक्सफर्डला टोल्किन यांनी आपली प्रकरणे सी. एस. लुईस आणि इतर मित्रांच्या बैठकीत याच रीतीने वर्षानुवर्षे वाचून दाखविली होती. त्यांची अद्भुतकथा छापखान्यात जाण्यापूर्वी हुंकाऱ्यावर वाढली होती. आम्ही मात्र यंत्र आणले, शुद्ध भाषा आणली, शांतता आणली आणि श्रोता तेवढा घालवून दिला.

ही चूक आमच्या एकट्याची नव्हे, असे म्हणून सुटका करून घेण्याची आमची इच्छा नाही. तरी तिची एक परंपरा आहे हे सांगावयास हवे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात या देशातील शेकडो बोलींचे नमुने गोळा झाले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत त्यांतील कित्येकांच्या तबकड्याही निघाल्या. परंतु तुलनेच्या सोयीसाठी बहुतेकांच्या तोंडी एकच ठराविक कथा घातलेली होती, बायबलातील उधळ्या पुत्राची. व्हेरिअर एल्विन यांनी १९४४ मध्ये महाकोशलातील लोककथांचा भला मोठा संग्रह प्रसिद्ध केला. तो आमच्या प्रदेशावरील मोठाच उपकार आहे. पण तो इंग्रजीत आहे. त्यात कथा वाचावयास मिळतात. ज्यांनी त्या सांगितल्या त्यांचा स्वर ऐकू येत नाही.

उलट, यंत्र नसताना स्वर कसा जपावा याचा धडा मराठीने फार पूर्वी घालून दिला आहे. 'लीळाचरित्र' हा आपला आद्य गद्यग्रंथ. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, चक्रधरस्वामींचा सहवास ज्यांना लाभला होता त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. त्यांतील बोलणे ते बोलणेच राहिले. त्याला ग्रंथाचे सोवळे नेसविले गेले नाही. कोण म्हणाले, कोणी विचारले, कोण गप्प राहिले, हे सारे तेथे आहे. आठवणीत फरक पडला तर तोही नोंदविला गेला. आमच्या भाषेचे गद्य ऐकलेल्या शब्दातून जन्मले आणि हुंकारा देणाऱ्यांसह जन्मले. ज्या भाषेचा पहिला ग्रंथ असा आहे, तिच्या समीक्षेने श्राव्य कथेच्या बाबतीत मुकी राहावे, हे नवल नव्हे काय?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. या तीरावरची मराठी शाळेतून गेली, कचेरीतून गेली. ती घरात राहिली आणि घरातही आता मुख्यत्वे म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिली आहे. तिच्यापाशी छापील पुस्तक नाही. जे आहे ते आवाजात आहे. प्रत्येकाच्या खिशात आज ध्वनिमुद्रणयंत्र आहे, तेव्हा साधनांची सबब सांगता येणार नाही. उणीव आहे ती रीतीची, आणि ती रीत माल्व्हर्नच्या फितीवरून शिकता येते: सांगणाऱ्यासमोर ऐकणारा बसवावा, त्याचा हुंकारा पुसून टाकू नये, बोली सुधारू नये, आणि मुलांना बाहेर घालवू नये.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या एका आजींकडे आम्ही पुन्हा बसलो. या वेळी चार मुले सोबत होती. त्यांत आठवीतली ती मुलगीही होती. कथा पोवारीत झाली. फितीत कोंबडा आरवतो, कोणीतरी शिंकतो, आणि एक मूल भलत्याच ठिकाणी 'हूं' म्हणते व आजी त्याला रागावतात. शब्द पुष्कळ ठिकाणी अस्पष्ट आहेत. परीक्षक या नात्याने आम्ही एवढेच म्हणू की, ती पाऊण तासाची आहे आणि राक्षस अजून मेलेला नाही.